अकाईतीचा हिरवा तुकडा

सकाळी सहाच्या ठोक्याला आतिऊ बेटावरच्या मापुमाई गावात, चर्चशेजारच्या हॉलमध्ये चौदा बायका दोन्ही हातांत डबाबंद मांसाचा एकेक डबा घेऊन रांगेत उभ्या राहत. समोर अकाईती उभी असे आणि रोज तेच वाक्य म्हणे, "हे डबे उचलायचे आहेत, उघडायचे नाहीत." सोळा वर्षं तेच वाक्य, आणि सोळा वर्षं त्यावर सगळ्यांत आधी हसणारी कुरा. कुराचं हसू आवरेपर्यंत व्यायामाची पहिली पाच मिनिटं वाया जात. म्हणून अकाईतीनं तिला पहिल्या रांगेत, आपल्या नाकासमोर आणून उभं केलं होतं.

"तुआइने, कंबर वळव म्हटलं मी. मान नाही."

"वळवलीये की ताई!"

"कुठाय कंबर? सापडली की कळव मला."

"सापडली तर आधी नवऱ्याला कळवेन," तुआइने म्हणायची, आणि पुन्हा कुरा सुरू.

अकाईतीला कुणी नेमलं नव्हतं. पगार नाही, पाटी नाही. महिन्याकाठी दारात कुणी तारोचे कंद ठेवून जाई, कुणी केळ्यांचा घड, कुणाचा नवरा मासेमारीहून आला तर पानात गुंडाळलेला मासा. तरुणपणी ती आतिऊच्या नेटबॉल संघात होती आणि चेंडू सोडून दुसऱ्या गावच्या पोरींचे पायच जास्त अडवायची, असं कुरा सांगे. पुढे लग्न, पोरं, तारोचं खाचर, यात नेटबॉल संपला. मग नवऱ्याला, इओआनेला, साखरेच्या आजारानं धरलं. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत पाय. शेवटी त्याला ऑकलंडला नेलं. ज्या लहानशा विमानातून तो हात हलवत गेला होता, त्याच विमानातून पेटीत बंद होऊन परत आला. सगळं बेट धावपट्टीशी उभं होतं. अकाईती रडली नाही. ती संतापली होती. बांध सरकवणाऱ्या शेजाऱ्यावर माणूस जसं चिडतं, तशी ती साखरेवर चिडली. दोन महिन्यांनी तिनं हॉलची किल्ली मागून घेतली आणि घरोघर जाऊन बायकांना अंथरुणातून उठवलं.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी नर्स तेमाना बोटाला सुई टोचून साखर बघायला येई. अकाईती शेजारी उभी राहून एकेकीचं मनगट धरून पुढे करायची. पळणाऱ्या बाईला तिनं एकदा पार रस्त्यावरून ओढून आणलं होतं. स्वतःचं बोट मात्र तिनं कधी पुढे केलं नाही. "माझं मागच्या आठवड्यात झालं दवाखान्यात," असं ती म्हणायची. दवाखान्यात गेली की म्हणायची, "माझं हॉलमध्ये झालं." तेमाना सरळ मनाची मुलगी. तिनं दोन वाक्यं कधी शेजारी ठेवून पाहिली नाहीत. अकाईतीला एरवी खोटं बोलता येत नसे. हे एक खोटं मात्र तिला फार छान जमलं. असं का, हे मी स्पष्ट सांगतो. तिला ते विमान नको होतं.

दुपारी त्याच हॉलमध्ये चटया पडत आणि गोधड्यांचा वर्ग भरे. आम्ही त्याला तिवाएवाए म्हणतो. आत कापूस नाही, अस्तर नाही, नुसती रंगांची एकपदरी गोधडी. लग्नात नवराबायकोला तिच्यात गुंडाळतात, आणि माणूस गेला की तीच अंगावर घालून मातीत ठेवतात. ती विकत नाहीत. अकाईती ज्या जातीच्या गोधड्या शिकवायची, त्यांत बोटभर रुंदीचे तुकडे हजारांनी लागत. नक्षी कागदावर कुठेच नसे. ती अकाईतीच्या डोक्यात असे. ती तुकडे कापायची आणि कोणत्या रंगानंतर कोणता, अशा क्रमानं एकेका ओळीचे तुकडे दोऱ्यात ओवून ठेवायची, सुरुवातीला गाठ मारून. आठ बायका, आठ त्रिकोण. प्रत्येकीला तिच्या त्रिकोणाच्या माळा मिळत. बाई घरी बसून माळेतून एकेक तुकडा सोडवायची आणि आधीच्याला शिवत जायची. तिनं नक्षीचा विचार करायचा नसतो, माळेवर विश्वास ठेवायचा असतो. शेवटी आठही त्रिकोण हॉलमध्ये एकत्र आले की मधोमध तारा उमटतो.

आणि तो नीट उमटला नाही, तर अकाईती एकच शब्द उच्चारे.

"उसव."

घरी जाऊन नाही, इथेच, सगळ्यांसमोर बसून. एकदा नव्या पाद्रीबाईंनी दोन तुकडे उलटे लावले होते. बाईंचा मान मोठा, म्हणून सगळ्या गप्प. अकाईतीनं त्यांच्या हातात कात्री दिली. "चूक लाजेची नसते बाई," ती म्हणाली, "झाकलेली चूक लाजेची असते. ती पुढे सगळी गोधडी वाकडी ओढते." पाद्रीबाई रडवेल्या होऊन उसवत बसल्या. पुढे त्याच वर्गातल्या सगळ्यांत चांगल्या हाताच्या झाल्या, पण त्या दुपारची आठवण काढली की अजून रुमालानं तोंड पुसतात.

दोन वर्षांपूर्वी अकाईतीच्या डोळ्यांपुढे काळे दोरे तरंगायला लागले. मग सकाळचं धुकं अकरा वाजले तरी हटेना. ती मोटरसायकल चालवायची, ती तिनं बंद केली. "पायी चालणं बरं, तुम्हालाच काय ते शिकवू?" असं वर ऐकवलं. बायकांनी माना डोलावल्या. मग एक दिवस तिच्या लक्षात आलं की निळा आणि हिरवा तिला वेगळे दिसत नाहीत. त्या दिवशी ती अंगणात निरफणसाखाली बराच वेळ बसून राहिली. ज्या रोगाला तिनं चौदा घरांतून हाकललं होतं, तो तिच्याच घरात मुक्कामाला होता, आणि हे तिला ठाऊक होतं. तेवढी अडाणी ती नव्हती.

मेलबर्नला राहणारा थोरला मुलगा दर रविवारी फोन करायचा.

"आई, ये ना इकडे. एकटी काय करतेस तिथं?"

"एकटी? सकाळी चौदा जणी, दुपारी आठ. तुझ्याकडे कोण आहे? टीव्ही."

डोळ्यांचं कळलं असतं तर तो तिकीट घेऊनच आला असता. हात चालतात, माळा ओवता येतात, तोवर बेट सोडायचं नाही, इतकंच तिचं म्हणणं होतं. म्हणून तिनं युक्ती काढली. निळे तुकडे बिस्किटांच्या चौकोनी डब्यात आणि हिरवे दूधपावडरच्या गोल डब्यात. कापड दुकानातूनच वेगवेगळं बांधून आणायचं. बोटांना डबा कळला की रंग कळला. अशा दोन गोधड्या झाल्याही.

आणि मग मोएरोआचा फोन आला. मोएरोआ म्हणजे याच थोरल्या मुलाची मुलगी. आमच्यात पहिलं नातवंड आजीआजोबांच्या घरी वाढतं, तशी ती अकाईतीच्या कुशीत बारा वर्षांची झाली आणि मग शाळेसाठी मेलबर्नला गेली. त्या दिवशी अकाईती डुकरांच्या वाड्यामागे जाऊन रडली, कारण तिथं कुणी येत नाही. आता मोएरोआ म्हणत होती, "आजी, लग्न आतिऊलाच. आणि गोधडी तुझी. निळ्या पाण्याचा तारा, त्यात हिरवी पानं. तुझ्या आईनं तुला दिली होती ना, तशी."

निळ्यात हिरवं. जगातले एवढे रंग सोडून.

अकाईतीनं नाही म्हटलं नाही. तिनं कापड आणवलं, तुकडे कापले, डबे भरले. आठही त्रिकोणांच्या पहिल्या चार-चार ओळींच्या माळा ओवून झाल्या होत्या. एका दुपारी डुकराचं पिल्लू ओसरीतून धावत गेलं आणि दोन्ही डबे चटईवर सांडले. निळं आणि हिरवं एकत्र झालं. समोरच्याच घरी कुरा कपडे वाळत घालत होती. एक हाक मारली असती तर पुरे होतं. अकाईतीनं तोंड उघडलंही. मग मिटलं. ती खिडकीत उन्हाला बसली आणि एकेक तुकडा डोळ्याजवळ धरून निवडत राहिली. संध्याकाळपर्यंत दोन ढीग झाले. तिला वाटलं, जमलं.

माळा वाटल्या गेल्या. बायका शिवायला लागल्या. महिन्याभरानं कुरा म्हणाली, "जोडायचं काम या वेळी आमच्याकडे. तू नवरीची आजी. तू फक्त बसून राहायचं आणि आम्हाला शिव्या द्यायच्या."

"माझ्या डोळ्यांदेखत जोडल्याशिवाय तुम्हा गाढवांचा भरवसा नाही."

"मग तर आम्ही जोडणारच," कुरा म्हणाली, पण हसली नाही. तेव्हाच अकाईतीला कळायला हवं होतं.

दोन आठवडे बायका सकाळी जांभया देत येत होत्या. डबे वर जात नव्हते. तुआइनेच्या बोटाला सुया टोचून चिंध्या बांधलेल्या. "रात्रभर पत्ते खेळता काय?" अकाईती ओरडली. कुणी उलट उत्तर दिलं नाही. उलट उत्तर न देणारी तुआइने ही काही रोजची गोष्ट नव्हती.

लग्नाला तीन आठवडे होते तेव्हा त्यांनी हॉलमध्ये गोधडी पसरली. आठही जणी भोवती उभ्या होत्या. अकाईती गुडघ्यांवर बसली. तिला एक मोठं, थंड, निळसर धुकं दिसत होतं.

"कशी झालीये ताई?" पाद्रीबाईंनी विचारलं.

ती बोटांनी बघायला लागली. टाके बारीक होते, शिवण सरळ. कुराचा त्रिकोण तिनं लगेच ओळखला, कुरा दोरा जरा जास्त ओढते. मग पाचव्या ओळीत तिचं बोट थांबलं. शिवणीच्या शेजारी, कापडात, बारीक भोकांची एक रिकामी रांग होती. तिथं आधी टाके होते, नंतर उसवले होते. धुतल्याशिवाय ती भोकं बुजत नाहीत. तिनं पुढचा त्रिकोण चाचपला. पाचवी ओळ. तीच भोकं. पुढचा, तसाच. तिनं आठही त्रिकोण पाहिले. हॉलमध्ये बाहेरच्या कोंबड्यांचा आवाज येत होता.

एक बाई चुकली तर एक त्रिकोण चुकतो. आठही त्रिकोण एकाच जागी चुकले असतील तर माळ चुकलेली असते.

"छान झालीये," अकाईती म्हणाली. आणि उठून, उंबरठा पायानं चाचपत घरी गेली.

कुरा मागोमाग आलीच. दोघी ओसरीवर बसल्या.

"केव्हा कळलं तुम्हाला?" अकाईतीनं विचारलं.

"शिवलेले दोन त्रिकोण शेजारी ठेवून पाहिले तेव्हा. पानं पाण्यात आणि पाणी पानांत. मग आम्ही रात्री बसून सगळं उसवून—"

"गोधडीचं नाही विचारत मी. माझं विचारतेय."

 कुरानं उलट विचारलं, "हॉलच्या पायरीला चुना कधी लावला?"

"गेल्या वर्षी. नाताळाच्या आधी."

"नाताळासाठी नव्हता लावला. तू दोनदा अडखळलीस म्हणून तुआइनेनं लावला. खुर्च्या आम्ही रोज तू यायच्या आत भिंतीला सरकवतो. आणि तू कुणाला चुकून दुसरीच्या नावानं हाक मारलीस, तर जिला मारली ती ओ देते. असं ठरलंय आमचं."

"तेरा महिने," अकाईती म्हणाली. "तेरा महिने सगळ्या गावाला ठाऊक होतं."

"तुझी लाज राहावी म्हणून गं."

"माझी लाज!" ती इतक्या मोठ्यानं ओरडली की झाडाखालची कुत्री उठली. "कुरा, तुझी साखर वाढली तेव्हा मी तुला केसांना धरून दवाखान्यात नेलं. मग मला का नाही नेलंस? मला केस नव्हते?"

कुराला रडू फुटलं. "तुला सांगायची हिंमत कुणाची? तूच सांग. तुझ्यापुढे कोण उभं राहिलं असतं?"

 खरं तेच होतं. सोळा वर्षं तिनं सगळ्यांना आपला धाक लावला होता, आणि त्या धाकानं तिला एकटं पाडलं होतं. त्यांनी मायेनं झाकलं, तिनं भीतीनं झाकलं, आणि सगळ्यांनी मिळून इतकं नीट झाकलं की आत डोळे मरत राहिले. मला आजही त्या बायकांचा राग येतो, आणि त्यांच्याएवढी माया दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. दोन्ही खरं आहे.

पुढचा सोमवार नर्सचा होता. रांग लागायच्या आधी अकाईती पुढे झाली आणि तिनं आपलं बोट समोर धरलं.

"ताई, तुमचं मागच्या आठवड्यात—" तेमाना म्हणाली.

"कधीच झालं नाही. टोच."

यंत्रावरचा आकडा बघून तेमानाचा चेहरा उतरला. तो चेहरा अकाईतीला दिसला नाही, पण मागं चौदा बायका एकदम गप्प झालेल्या तिनं ऐकल्या. गुरुवारच्या विमानानं ती रारोटोंगाला, मोठ्या बेटावर गेली. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तासभर तपासलं. डावा गेला होता. उजव्यात थोडं होतं, तेही किती टिकेल याची खात्री नव्हती. "वर्षभर आधी आला असतात तर बरंच राखता आलं असतं," ते हळू आवाजात म्हणाले. लग्नानंतर मुलानं तिला मेलबर्नला न्यायचं ठरलं, उरलंय तेवढं सांभाळायला. या वेळी ती भांडली नाही. परत येताना विमानात खिडकीची जागा मिळाली होती. तिनं ती शेजारच्या बाईला दिली.

लग्नाच्या आदल्या दुपारी तिनं सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. मोएरोआही आली होती, मेलबर्नचे बूट काढून अनवाणी. डोक्यावर फुलांचं कडं, तोंडात कुराच्या हातचा तळलेला पाव. गोधडी मध्ये पसरली होती.

"कात्री," अकाईती म्हणाली.

 पाद्रीबाईंनी कात्री तिच्या हातात दिली.

तिनं बोटांनी कोपरा शोधला, पाचवी ओळ शोधली, रिकाम्या भोकांची रांग शोधली. तिथला निळा तुकडा, बायकांनी जागून बसवलेला, एकेक टाका तोडत तिनं उसवला. सगळ्यांसमोर. तिला अर्धा तास लागला. मदतीला सरकलेल्या तुआइनेला तिनं कोपरानं दूर ढकललं.

"आजी, काय करतेस? छान झालीये की," मोएरोआ म्हणाली.

"इथं मी हिरवा ओवला होता. तोच राहणार. एकच. बाकीचे त्यांचे राहू देत, त्यांनी कष्ट केलेत. पुढे कुणी तुला विचारलं, पाण्यात हे पान कुठून आलं, तर सांगायचं. माझ्या आजीला दिसत नव्हतं. ती बोलली नाही, आणि तिला कुणी बोललं नाही. तुझ्या पोरांनाही सांग. त्यांच्या बोटांनाही सुई टोच."

मोएरोआ तोंडातला घास गिळायची विसरली होती.

अकाईतीनं हात पुढे केला. "कुरा, हिरवा दे."

कुरानं डब्यात हात घातला आणि एक तुकडा तिच्या तळहातावर ठेवला. अकाईतीनं तो जागेवर बसवला, कडा दुमडली, सुई हातात घेतली. मग थांबली.

"हिरवाच आहे ना?"

 कुरा त्या तुकड्याकडे बघत होती. साठ वर्षांची मैत्री, उद्याचं लग्न, अख्खं बेट बघणार ती गोधडी. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण ते अकाईतीला कुठून दिसणार.

"नाही," कुरा म्हणाली. "निळा दिला होता मी. थांब, हा घे हिरवा."

अकाईतीनं तो तुकडा घेतला, जागेवर ठेवला आणि पहिला टाका घातला.